तीन जनगणना, तीन जन्मगावं

पार्श्वभूमी

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापून झाल्यावर उरलेल्या प्रतींपैकी एक मी टीचरना दिली. टीचर म्हणजे आमच्याकडच्या जुन्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या अँग्लो-इंडियन बाई. गावाच्या तीन पिढ्यांना त्यांनी इंग्रजी शिकवलं, त्यामुळे त्यांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. चार दिवसांनी त्या पुस्तक घेऊन परत आल्या आणि पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, “भाऊ, तुमचं मूळ गाव इथे पहिल्याच ओळीत आहे. आमचं कुठे शोधायचं?”

पुढे जे घडलं ते सविस्तर लिहितो आहे. माणसांची नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

टीचरना माहीत होतं ते एवढंच. पणजोबा विलायतेहून जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर इंजिन चालवायला आले आणि थळ घाटात, म्हणजे आपल्या कसारा घाटात, त्यांची हयात गेली. ३७ फुटांमागे एक फूट असा तिथला चढ, आणि तिथे गाडी हाकणारा ड्रायव्हर म्हणून घरात त्यांचा मान अजून टिकून आहे. “ते स्विंडनचे होते” असं आजोबा सांगत. घरात एक जुनं बायबल आहे. त्याच्या कोऱ्या पानावर पणजोबांनी आपल्या सातही मुलांच्या जन्मतारखा लिहिल्या, स्वतःची मात्र लिहिली नाही. बोलता बोलता टीचरनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: आजोबांची थोरली बहीण लहानपणीच विलायतेला गेली ती परत आलीच नाही. मी ती वहीत टिपलीसुद्धा नाही. ही चूक पुढे सात महिन्यांना पडली.

एक खुलासा इथेच करतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. भारतातल्या जनगणनेतून पूर्वजांचा असा शोध घेता येत नाही. १८७२ पासून आपल्याकडे खानेसुमारी होते आणि १८८१ पासून ती देशभर एकाच वेळी व्हायला लागली. पण ब्रिटिश काळातल्या घरोघरच्या याद्या कोष्टकं तयार झाल्यावर जपून ठेवल्या गेल्या नाहीत. आपल्या हाती आहेत ते आकड्यांचे जाडजूड खंड. स्वातंत्र्यानंतरच्या याद्यांना १९४८ च्या जनगणना कायद्याचं १५ वं कलम आड येतं. त्या कोणाला पाहू देत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. इंग्लंड-वेल्सची गोष्ट वेगळी. तिथल्या १८४१ पासूनच्या याद्या घरटी, माणूसवार टिकल्या आहेत आणि शंभर वर्षं उलटली की लोकांसाठी खुल्या होतात. १९२१ ची यादी २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ ची १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. त्यामुळे १९२१ च्या पुढे मोठी पोकळीच आहे. आमचा माणूस मात्र त्याच्या खूप आधीचा होता.

अडचण

पणजोबांचं पहिलं नाव त्या काळात गल्लोगल्ली सापडणारं, आणि आडनावही तितकंच सर्रास. ते ‘ह’ने सुरू होतं एवढं सांगतो, कारण पुढे त्या ‘ह’ने बराच घोळ घातला. नाव आणि वय टाकून शोधलं की शेकड्यांनी नोंदी येत.

दुसरी अडचण जास्त मूलभूत होती. आमच्या हाती दोन माणसं होती. एक भारतात पुरलेला ड्रायव्हर, दुसरा इंग्लंडमध्ये कुठेतरी जन्मलेलं मूल. ही दोन्ही एकच आहेत असं सांगणारा कागद हवा होता. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि बऱ्याच ऑनलाइनही दिसतात. पण त्यांत जन्मगावाचा रकानाच नाही. लग्नाच्या नोंदीत वय, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि बापाचं नाव मिळतं. दफनात वय आणि मृत्यूचं कारण. माणूस कुठून आला हे तिथे कोणी विचारलेलंच नाही.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय आयता तयार होता. टीचरच्या ऑस्ट्रेलियातल्या एका चुलतभावाने इंटरनेटवर वंशवृक्ष मांडला होता. त्यात पणजोबा स्विंडनमध्ये जन्मलेले दाखवले होते आणि तिथून मागे सतराव्या शतकापर्यंत पिढ्या लावल्या होत्या. तोच वृक्ष आणखी तेरा जणांनी उतरवून घेतला होता. चौदा ठिकाणी एकच माहिती दिसली की ती खरी वाटायला लागते, हा अनुभव मी आमच्या कुलवृत्तान्तातही घेतला आहे.

दुसरा पर्याय डीएनए चाचणीचा. टीचरनी तो एका वाक्यात निकालात काढला: “माझ्या थुंकीत गावाचं नाव लिहिलंय का?” त्यांचं बरोबर होतं. चाचणीतून नातेवाईक सापडतात. त्या नातेवाइकांना आपलं गाव माहीत असेल तर आपलं नशीब.

तिसरा पर्याय, त्या वर्षाच्या आसपास त्या नावाने नोंदल्या गेलेल्या सगळ्या जन्मांचे दाखले मागवायचे. इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्मनोंद आहे. पण नाव इतकं सर्रास की खर्च हाताबाहेर गेला असता, आणि दाखल्यांचा गठ्ठा हाती आल्यावरही त्यातला आपला कोणता हा प्रश्न तसाच उरला असता. शिवाय जन्म नोंदवण्याची जबाबदारी आईबापांवर कडकपणे आली ती १८७४ च्या कायद्यानंतर. त्याआधी बरीच मुलं नोंदीतून सुटली आहेत.

लंडनला माणूस लावून रेल्वे कंपनीची कागदपत्रं तपासायचा विचारही झाला. तो खर्चामुळे मागे ठेवला.

म्हणून जनगणनेचा रस्ता धरला. ही निवड हुशारीची होती असं म्हणणार नाही. घरी बसून, थोड्या वर्गणीत जमण्यासारखी तीच होती.

काय केलं

पहिलं काम भारतातली बाजू पक्की करण्याचं. इगतपुरीचं लग्न सापडलं, फेब्रुवारी १८७९ चं. वय २८, अविवाहित, इंजिन ड्रायव्हर, बापाचं नाव स्पष्ट. १८८० च्या जानेवारीत पहिल्या मुलीचा बाप्तिस्मा, मग ओळीने इतरांचे. १९०८ मध्ये दफन, वय ५८. लग्नातल्या वयावरून जन्म फेब्रुवारी १८५० ते फेब्रुवारी १८५१ मधला निघतो. म्हणजे १८६१ आणि १८७१ च्या गणनेत तो इंग्लंडमध्ये असायला हवा आणि बहुधा १८५१ मध्येही तान्हा म्हणून.

मग मी दुसरी चूक केली. १८७१ च्या यादीत स्विंडन शोधलं आणि पहिल्याच फटक्यात माणूस मिळाला: तेच नाव, वय २०, रेल्वे कारखान्यात फिटर, आईबापांबरोबर राहणारा, जन्मगाव स्विंडन. बापाचं नावही लग्नाच्या नोंदीतलंच. चुलतभावाच्या वृक्षातला माणूस हाच. आम्ही त्याचं नाव ‘स्विंडनकर’ ठेवलं. मी टीचरना म्हणालो, “भाऊ बरोबर आहेत तुमचे.” त्यांनी लगेच ऑस्ट्रेलियाला फोन केला. तिकडे चुलतभावाने भिंतीवर लावायचा मोठा वंशवृक्ष छापायला टाकला.

पाच आठवड्यांनी, खरं तर दुसऱ्याच कोणासाठी, मी १८८१ ची यादी चाळत होतो. ही यादी स्वयंसेवकांनी पूर्ण उतरवलेली आहे आणि फुकट पाहता येते. सहज स्विंडनकर टाकून बघितला. ३ एप्रिल १८८१ च्या रात्री तो स्विंडनमध्येच होता, बायको आणि दोन मुलांसह. मुलांची नावं वेगळी, बायकोचं वेगळं. पोटात गोळा आला. तरी मनाची समजूत काढत होतो: हा दुसराच कोणी असेल. मग १८९१ पाहिली, १९०१ पाहिली. पठ्ठ्या तिथेच. शेवटी १९११ उघडली. त्या वर्षापासून कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेले कागद जपून ठेवले आहेत आणि लग्नाला किती वर्षं झाली हेही त्यात विचारलं आहे. स्विंडनकराने लिहिलं होतं ३६ वर्षं, आणि खाली सही ठोकली होती. १९०८ मध्ये पुरलेला माणूस १९११ मध्ये सही कशी करेल?

टीचरना हे सांगायला गेलो ती संध्याकाळ मला आठवते. त्या रागावल्या नाहीत. चुलतभाऊ रागावले. त्यांचा वृक्ष आजही तसाच आहे आणि आता तो उतरवून घेणारे एकोणीस झाले आहेत.

इथे पहिला खरा निर्णय आला. ‘स्विंडन’ ही घरातली आठवण खोटी म्हणून सोडून द्यायची की तिचा वेगळा अर्थ लावायचा? आपल्याकडेही “आम्ही मुंबईचे” म्हणणाऱ्याचं गाव खेडजवळ कुठेतरी असतं. तो मुंबईहून आलेला असतो एवढाच त्याचा अर्थ. स्विंडनला ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मोठा कारखाना १८४३ पासून होता आणि ते नवं गाव भरलं होतं बाहेरच्यांनीच. पणजोबा तिथून निघून भारतात आले असतील, जन्मलेले असतीलच असं नाही. म्हणून स्विंडन सोडलं नाही. आडनाव सोडलं.

म्हणजे काय केलं, तर १८७१ च्या स्विंडनमधले १८ ते २२ वयाचे, त्या पहिल्या नावाचे सगळे पुरुष काढले, आडनाव कोणतंही असो. त्यांतून रेल्वेत काम करणारे निवडले आणि प्रत्येकाचं मूळ पान डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या रात्री एका घरात चार लॉजर, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी राहणारे, दिसले. त्यांतला एक इंजिन क्लीनर, वय २०, आणि आडनाव आमचंच, फक्त पुढचा ‘ह’ गळलेला. इंग्लंडच्या त्या पश्चिमेकडच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ह बोलताना खातात. लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. शोधयंत्राला शेवटची अक्षरं इकडची तिकडे झालेली चालतात, पण पहिलं अक्षरच नसेल तर ते त्या दाराशी जातच नाही. इंजिन क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर ही त्या काळची शिडी. आठ वर्षांत हा इगतपुरीला ड्रायव्हर झालेला असणं अगदी बसतं.

जन्मगाव लिहिलं होतं: ग्लॉस्टर.

आता १८६१. वय १० असायला हवं, बापाचं नाव माहीत, आडनाव ‘ह’सह आणि ‘ह’शिवाय. आसपासच्या काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) जुळणारी तीन मुलं निघाली. एकाचा मृत्यू १८६६ मध्ये नोंदलेला होता. दुसरा १८८१ मध्येही इंग्लंडमध्येच, शेतावर. आता मी शहाणा झालो होतो. कोणालाही जवळ करण्याआधी तो पुढे कुठे जातो हे पाहत होतो. तिसरा मनमथशरमधल्या न्यूपोर्टचा: बाप रेल्वेवर मजूर, आई, भावंडं. हा मुलगा १८७१ मध्ये घरी नाही, आणि १८८१ पासून पुढे देशातच कुठे सापडत नाही. आपल्याला हवा तो माणूस असाच यादीतून नाहीसा व्हायला हवा. पण या नोंदीत जन्मगाव होतं चेपस्टो, काउंटी मनमथशर.

त्याच कुटुंबाला धरून १८५१ मध्ये गेलो. ३० मार्च १८५१ ची रात्र. तान्ह्या मुलांचं वय त्या यादीत महिन्यांत लिहीत, आणि तिथे तो होता: पाच महिने. जन्मगाव टिडनहॅम, काउंटी ग्लॉस्टरशर. मोजणीही त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, झालेली.

हे पान मला सगळ्यात आवडलं ते बाळापेक्षा त्याच्या भावंडांमुळे. थोरली बहीण ११ वर्षांची, जन्म बॉक्स, विल्टशर. भाऊ ६ वर्षांचा, जन्म सॅपर्टन, ग्लॉस्टरशर. मग हा, टिडनहॅम. नकाशा घेऊन बसलो. बॉक्सला ग्रेट वेस्टर्नचा प्रसिद्ध बोगदा १८४१ मध्ये पुरा झाला. सॅपर्टनचा बोगदा असलेला स्विंडन-ग्लॉस्टर मार्ग १८४५ मध्ये सुरू झाला. चेपस्टो ते स्वान्झी गाडी १८५० मध्ये धावायला लागली, पण वाय नदीच्या पूर्वेकडून चेपस्टोपर्यंतचा तुकडा तेव्हा खोदला जात होता आणि नदीवरचा इंजिनियर ब्रुनेलचा पूल १८५२ मध्ये खुला झाला. बाप रूळ पुढे सरकतील तसा सरकत होता आणि मुलं वाटेत होत होती. मुलांची जन्मगावं ओळीने वाचली की बापाची नोकरी वाचता येते. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती.

तीन उत्तरांपैकी खरं कोणतं

ग्लॉस्टर, चेपस्टो, टिडनहॅम. एका माणसाची वीस वर्षांत तीन जन्मगावं, तीही दोन काउंट्यांत. टीचर म्हणाल्या, “मग तीन वेगळी माणसं असतील.” शंका रास्त होती. सहज दाबून टाकण्यासारखी नव्हती.

मी प्रत्येक उत्तराला एकच प्रश्न विचारला: हे सांगितलं कोणी? १८७१ मध्ये तो लॉजर होता. घराचा कागद घरमालक भरत असे. चार लॉजरांपैकी कोण कुठला हे त्याला जेवढं माहीत तेवढं, आणि ग्लॉस्टरशरचं ग्लॉस्टर व्हायला वेळ लागत नाही. १८६१ मध्ये बहुधा आईने किंवा बापाने सांगितलं. ते न्यूपोर्टला राहत होते. टिडनहॅम तिथे कोणाला ठाऊक? नदीपलीकडचं मोठं गाव चेपस्टो, म्हणून चेपस्टो. १८५१ मध्ये मात्र मूल पाच महिन्यांचं, आई त्याच पॅरिशमध्ये. तिथे विसरायला किंवा सोपं करून सांगायला जागाच नव्हती. म्हणून सर्वांत जुनं उत्तर धरलं, आणि धरलं तरी त्यावर थांबलो नाही.

टिडनहॅम ग्लॉस्टरशरमध्ये असलं तरी जन्मनोंदीसाठी ते चेपस्टोच्या नोंदणी जिल्ह्यात येत होतं. काउंटीची सीमा नदीवर होती, नोंदणी जिल्हा नदी ओलांडून पसरला होता. नोंदणी खात्याच्या ऑनलाइन इंडेक्समध्ये आता जुन्या नोंदींसाठीही आईचं माहेरचं आडनाव मिळतं. १८५० च्या शेवटच्या तिमाहीत, चेपस्टो जिल्ह्यात, ‘ह’शिवायच्या आडनावाने एकच नोंद होती. आम्ही एकच दाखला मागवला. जन्म २६ ऑक्टोबर १८५०, टिडनहॅम. बाप मजूर. खबर देणारी आई, आणि तिच्या नावापुढे सहीच्या जागी फुली. बाईला लिहिता येत नव्हतं. आपल्या मुलाच्या आडनावातला ‘ह’ सरकारने गाळला हे तिला कधी कळलंच नसेल.

सांधा

इतकं होऊनही टिडनहॅमचं बाळ आणि इगतपुरीचा ड्रायव्हर यांच्यामध्ये फट होतीच. नाव जुळतं, वय जुळतं, बापाचं नाव जुळतं. पण हे सगळं स्विंडनकराचंही जुळत होतं. टीचरना आता पुरे झालं असं वाटत होतं. मी अडून बसलो. पहिल्या वेळी मी घाई केली नसती तर कदाचित मीही पुरे म्हटलं असतं.

तो स्वतः १८७१ नंतर यादीत नाही, मग त्याच्याबद्दल यादी काय सांगणार? म्हणून बहिणीकडे वळलो. बॉक्सला जन्मलेली थोरली. तिचं लग्न शोधलं, नवऱ्याचं आडनाव मिळालं, आणि ते कुटुंब १८९१ मध्ये स्विंडनलाच सापडलं. कुटुंबप्रमुख रेल्वे कारखान्यात सुतार. त्याची बायको, ५१, जन्म बॉक्स. त्याची सासू, विधवा. आणि चौथी ओळ: भाची, ११ वर्षं, शाळकरी. आडनाव आमचं, ‘ह’सकट.

तिच्या जन्मगावाच्या रकान्यात इंडेक्सने काहीतरी अगम्य लिहिलं होतं. कुठल्याशा वेल्श खेड्याचं नाव वाटावं असं. मूळ पान मोठं करून पाहिलं. आधी ‘ईस्ट इंडीज’ आणि मग गणनाकाराच्या घसटत्या अक्षरात ‘इगुटपूरा’.

उतारा करणाऱ्या बिचाऱ्याला ते कसं वाचता येणार! मला मात्र वाचावं लागलंच नाही. इगतपुरीची गाडी मी आयुष्यभर पकडली आहे. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, तरी टीचरना फोन केला. बायबल काढायला सांगितलं. पणजोबांच्या हातची पहिली तारीख डिसेंबर १८७९ ची, पहिल्या मुलीची. नाव तेच. एप्रिल १८९१ मध्ये ११ वर्षं पुरी.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग त्या म्हणाल्या, “ही तीच. परत न आलेली.”

निकाल

पणजोबांचं जन्मगाव टिडनहॅम, ग्लॉस्टरशर, जन्म २६ ऑक्टोबर १८५०, हे आता चार वेगळ्या प्रकारच्या कागदांवर उभं आहे: इगतपुरीची लग्न-बाप्तिस्म्याची नोंद, इंग्लंडच्या १८५१, १८६१ आणि १८७१ च्या याद्या, जन्माचा दाखला, आणि भाचीमुळे दोन्ही देश एका ओळीत आणणारं १८९१ चं पान. यातला कुठलाही एक काढला तर बाकीचे लंगडे होतात. विशेषतः १८९१ चं पान. ते नसतं तर मी याला ‘बहुधा’ म्हटलं असतं, त्याच्या पुढे गेलो नसतो.

आजोबांच्या त्या थोरल्या बहिणीचाही माग १९११ पर्यंत लागला. ती शिक्षिका झाली होती. हे ऐकल्यावर टीचरना पणजोबांच्या गावात फारसा रस उरला नाही. दोन आठवडे त्या तिच्याबद्दलच विचारत होत्या.

पुन्हा करायचं झालं तर

परत न आलेल्या मुलीपासून सुरुवात करीन. इंग्लंडच्या जुन्या याद्यांत भारतात जन्मलेली मुलं आजी, आत्या किंवा बोर्डिंग शाळांकडे शिकायला ठेवलेली बरीच दिसतात. ती मुलं सापडली की घर सापडतं. टीचरनी ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली होती. मी आडनाव चालवणाऱ्या पुरुषांच्याच मागे लागलो, कारण आमच्या कुलवृत्तान्ताची सवय तशीच. त्यात लग्न होऊन गेलेल्या मुलीची ओळ ‘पती अमुक, गाव तमुक’ इथे संपते. ती पुढे नेली असती तर आमच्याही दोन शाखांचा घोळ सुटला असता असं आता वाटतं.

स्विंडनकराबद्दल टीचरना सांगण्याआधी त्याला निदान १८८१ पर्यंत न्यायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम. सापडलेल्या माणसाच्या बाजूने पुरावे गोळा करायची इतकी घाई झाली होती की त्याच्या विरुद्ध काही असेल का, हे बघायचं सुचलंच नाही.

न सापडलेल्या शोधांची नोंद ठेवली नाही हेही चुकलं. कोणत्या वर्षी, कोणत्या नावाने, कुठे पाहिलं आणि मिळालं नाही, हे लिहिलेलं नसल्यामुळे मनमथशरचा एक भाग मी दोनदा चाळला. आता त्यासाठी वेगळी वही आहे.

एका बाबतीत मात्र मी आजही तसंच करीन. कुठल्याही इंडेक्सवर विसंबून न राहता मूळ पान पाहीन. ‘ह’ गळलेला आणि इगतपुरीचं काहीतरी भलतंच झालेलं, दोन्ही पानावरच दिसले.

रेल्वे कंपनीचे कागद पाहायचे राहिले आहेत. ते कधी जमले तर पणजोबा नेमके कोणत्या वर्षी निघाले ते कळेल.

टीचरना आता पणजोबांच्या बापाचं गाव हवं आहे. १८४१ ची यादी इथे फारशी उपयोगी पडत नाही. त्या वर्षी जन्मगाव विचारलंच नव्हतं, ‘याच काउंटीत जन्म झाला का’ असं विचारलं होतं, आणि १५ च्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणली होती. बॉक्स गावच्या यादीत त्याच्यापुढे ‘नाही’ असं आहे. १८५१ मध्ये ‘सॉमरसेट’, पुढचा शब्द शाईच्या डागाखाली. १८६१ मध्ये पुन्हा ‘सॉमरसेट’, आणि गावाच्या जागी गणनाकाराची दोन अक्षरं: एन. के. म्हणजे माहीत नाही.